न पाहिलेलं तोंड

"काय रे सेखोन्याना, शाळेतली शाई प्यालास की काय?" लेउताने बांधावरूनच विचारलं. जुवाची पट्टी आवळत बसलेला म्हातारा हसला. हसला म्हणजे ओठ नुसते ताणले. ओठ जांभळे झाले होते आणि हनुवटीपर्यंत एक जांभळा ओघळ वाळून बसला होता.

"तोंड आलंय," म्हातारा म्हणाला. तोंडातला घास न गिळता बोलावं तसे त्याचे शब्द येत होते. "सुनेनं औषध दिलंय."

"मग लाव बाबा. घरात डॉक्टरीण असल्यावर आम्ही कोण बोलणार?"

चार हातांवर मापुलेंग बियाण्याची पिशवी सोडत होती. तिने ते ऐकलं आणि आणखी खाली वाकली. तीस-बत्तीस घरांच्या त्या गावात ती आरोग्यसेविका होती. दवाखान्याने तिला एक वही, एक बॅटरी, जांभळ्या औषधाच्या बाटल्या आणि खांद्याला लावायची पिशवी दिली होती. महिन्यातून एकदा ती घरोघर जाई, लहान पोरांना तागडीत टांगून वजन करी, म्हाताऱ्यांना गोळ्या घेतल्या का विचारी. पण स्वतःच्या उंबऱ्याच्या आत ती सेखोन्यानाची सून होती. सुनेने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, 'न्ताते' म्हणजे बाबा एवढंच म्हणायचं, त्याच्यासमोर डोक्याचं फडकं सोडायचं नाही, मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही. लेउता म्हाताऱ्याचा चुलतभाऊ, म्हणजे तोही सासराच. खालच्या सडकेवरच्या गावांतून ही रीत केव्हाच सैल पडली होती. वर डोंगराच्या कुशीत मात्र ती पाळली जाई, आणि मापुलेंग ती जरा मिरवूनच पाळी. गावातल्या बायका दुसऱ्यांच्या सुनांना तिचं उदाहरण देत, हे तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

तिकडे पाऊस ऑक्टोबरात, उन्हाळ्याच्या तोंडावर येतो; त्या वर्षी तो दीड महिना उशिरा आला. ऑक्टोबर कोरडा गेला, नोव्हेंबरही निम्मा तसाच गेला. मग चार दिवस धो धो कोसळला. आता जमीन मऊ होती ती फार तर दहा-बारा दिवस. त्यानंतर तिची पुन्हा वीट होणार, आणि उशिरा पेरलेला मका पुढच्या थंडीत दाणा भरायच्या आत करपणार. उतारावरच्या त्या चिकट मातीला चार बैल लागत. दोन सेखोन्यानाचे, दोन लेउताचे. दोन दिवस याच्या शेतात, दोन दिवस त्याच्या, असं दोघांचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. मापुलेंगचा नवरा लेबेको सीमेपलीकडे गोऱ्यांच्या मळ्यात भाजी कापायला गेला होता, तो नाताळाशिवाय परतणार नव्हता.

बैल चालत ते म्हाताऱ्याच्या शिळेवर. जिभेचं टोक दुमडून तो अशी शीळ घाली की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरंही माना वर करत. त्या सकाळी त्याने जीभ दुमडली, डोळे गच्च मिटले आणि तोंडातून नुसती हवा निघाली. बान्तोम नावाचा पुढचा बैल कान हलवून उभाच राहिला. म्हाताऱ्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी थुंकी उडाली आणि त्याने तोंडावर हात धरला. लेउता आधी हसला, मग हसायचा थांबला.

"ओरड तरी," तो म्हणाला.

"ओरडतोय ना," म्हातारा पुटपुटला. ते बैलांपर्यंत पोचलंच नाही.

तेव्हा मापुलेंगने पुढे होऊन बान्तोमची दोरी धरली. बायकांनी गुराला हात लावायचा नाही, गोठ्याच्या दगडी कुंपणात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, ही त्या गावातली सगळ्यांत जुनी रीत. तिने ती एका क्षणात मोडली. विचारसुद्धा केला नाही. दोरी ओढली आणि मोकळा गळा काढून ओरडली. बैल बिचकले आणि चालू लागले.

"अरे वा," मागून लेउता म्हणाला. "उद्या बैलांनाच झगे शिवून घालू. मग बायकांत बायका."

"असू दे," म्हातारा म्हणाला. "मका काय विचारतोय का कोणी ओढलं ते?"

पुढे कितीतरी दिवस मापुलेंगला तो क्षण आठवत राहिला. शेतासाठी रीत मोडताना तिने मागेपुढे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी औषधाची वेळ. म्हातारा झोपडीत चुलीपाशी बसे, हातात दाढीचा फुटका आरसा आणि काडीला गुंडाळलेला कापूस. मापुलेंग दाराबाहेर पाठ करून बसे आणि तिथूनच विचारी.

"पांढरं आहे का, न्ताते? दह्यासारखं?"

"असेल."

"कापसानं पुसलं जातं का?"

"दुखतं. कडेला दुखतं. पाइपनं भाजलं असेल."

"मग सगळीकडे लावा."

फुटक्या आरशात त्याला दात दिसत, ओठ दिसत. जिभेची मागची कड दिसत नसे. तो अंदाजाने बोळा फिरवी, वेदनेने कण्हे आणि ओठ रंगवून बाहेर येई. मग मापुलेंग वही उघडी. त्या वहीत एक रकाना होता, 'तोंड पाहिलं'. त्याच्यापुढे ती बरोबरची खूण करी, आणि शेजारी लिही, 'पांढरा थर, औषध दिलं'.

हे करताना आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. दवाखान्यातल्या सिस्टर केनेवेने चार वेळा शिकवलं होतं. ज्यांच्या अंगात एचआयव्ही आहे त्यांचं तोंड दर महिन्याला बॅटरी लावून बघायचं. पांढरा थर पुसला जात असेल तर जांभळं औषध. पण एखादी जखम पंधरा दिवसांत भरत नसेल, कड टणक लागत असेल, तर औषध लावत बसायचं नाही, माणसाला त्याच दिवशी घेऊन यायचं. "छातीतला टीबी कधीकधी जिभेवर दिसतो," सिस्टर म्हणाली होती. "आपल्याकडे खोकला कोण मोजतो? खाणीतून आलेला प्रत्येकजण खोकतो. म्हणून तोंड बघा."

म्हातारा बावीस वर्षं सोन्याच्या खाणीत होता. खोकला त्याच्याबरोबरच घरी आला होता. दुसरं जे आलं होतं ते गावात फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि तिला. सासू त्याच दुखण्याने गेली, पण गावात पोटाचं दुखणं असंच सांगितलं गेलं. दर तीन महिन्यांनी मापुलेंग त्याच्या गोळ्या आपल्या पिशवीच्या तळाशी घालून आणी आणि काही न बोलता उशाशी ठेवी. गेल्या हिवाळ्यात तो वर गुरांच्या तळावर असताना बर्फाने वाट अडली आणि दोन महिने गोळ्या पोचल्या नाहीत. तेही तिला ठाऊक होतं.

तिने एकदा भीत भीत विचारून पाहिलं होतं. "मालिताबाला बोलावू का, न्ताते? त्या बघतील." मालिताबा लेउताची बायको, म्हाताऱ्याची वहिनी लागे. तिला मान वर करायला कोणाची बंदी नव्हती.

"आज तोंड बघेल, उद्या कशामुळे म्हणून विचारेल," म्हातारा आतून म्हणाला. "तुझ्याशिवाय कोणी नको."

म्हणजे जिला माहीत होतं तिला पाहता येत नव्हतं, आणि जिला पाहता येत होतं तिला कळू द्यायचं नव्हतं. मापुलेंगला हे कोडं सोयीचं वाटलं. खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरंच वाटलं.

पहिली बाटली संपली तेव्हाच पंधरा दिवस होऊन गेले होते. तिने दुसरी उघडली. पाऊस पडला तेव्हा तिसरा आठवडा चालू होता. दवाखाना डोंगर उतरून अडीच तासांवर, गेलं की दिवस मोडला, आणि त्यांनी ठेवून घेतलं तर आपली पाळी गेली. नांगराच्या मुठी धरायला दुसरं कोण होतं? सोमवारी जाऊ, असं तिने ठरवलं. सोमवारी ऊन छान पडलं. मग गुरुवारी जाऊ, असं ठरलं.

म्हातारा आधी मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला पापा खाईनासा झाला. मग पालेभाजी सोडली, तिखट लागते म्हणाला, तिच्यात मिठाशिवाय काही नव्हतं तरी. शेवटी आंबवलेल्या ज्वारीच्या पातळ पेजेवर आला. एका बाजूने मान कलती करून पेज आत सोडी आणि गिळताना त्याचे पाय आखडत. पाइप पेटवी आणि बाजूला ठेवून देई. सकाळी त्याचं घोंगडं पिळून काढावं इतकं ओलं असे. मापुलेंग ते दगडी कुंपणावर पसरी.

"तुमच्या घरात आत पाऊस पडतो का गं?" मालिताबाने जाता जाता टोमणा मारला.

"उकडतं त्यांना, म्मे." चुलतसासूलाही ती आई, म्हणजे म्मे, अशीच हाक मारी.

"उकडतं?" मालिताबा थांबली. त्या उंचीवर भर उन्हाळ्यातही रात्री दोन घोंगडी लागत. तिने घोंगड्याकडे पाहिलं, मापुलेंगकडे पाहिलं आणि पुढे गेली. तिलाही पाणी आणायचं होतं.

नवव्या दिवशी शेवटचा तुकडा उरला. ढग पुन्हा जमत होते, लेउता सारखा आकाशाकडे बघत होता. मापुलेंग पुढे दोरी ओढत होती, लेउता चाबूक घेऊन बाजूने, आणि म्हातारा मागे मुठींवर. एकदम दोरी हलकी झाली. तिने मागे पाहिलं तर फाळ जमिनीतून उखडून वरच्या वर घसटत येत होता आणि म्हातारा तासात बसला होता. मांडी घालून बसावं तसा बसला होता, हात गुडघ्यांवर. तो खोकला आणि थुंकला. ढेकळावर जांभळ्यात लाल मिसळलेलं पडलं. त्याने टाचेने त्यावर माती ओढली.

"किती राहिलं?" त्याने विचारलं.

"तीन फेऱ्या," लेउता म्हणाला. "राहू दे, सेखोन्याना. उद्या बघू."

म्हाताऱ्याने लेउताकडे पाहिलं नाही, सुनेच्या पावलांकडे पाहिलं. तिने 'नको' म्हणायची तो वाट पाहत होता, की 'हो' म्हणायची, हे तिला आजही सांगता येणार नाही. तिने ढगांकडे पाहिलं. पिशवीत तळाशी दोन ओंजळी बी उरलं होतं.

"करून टाकू, न्ताते," ती म्हणाली. "मग उद्या पहाटे दवाखान्यात जाऊ."

तो उठला. तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत त्याच्या श्वासाचा आवाज बैलांच्या पुढेही ऐकू येत होता, आणि तिने दोरी आणखी जोरात ओढली, लवकर संपावं म्हणून.

सकाळी लेउताने घोडा दिला. मापुलेंग लगाम धरून पुढे चालली. म्हाताऱ्याचं घोंगडं पिन लावून गळ्यापर्यंत बंद होतं. दवाखान्याच्या बाकावर तो भिंतीला टेकून बसला आणि आत बोलावलं तेव्हा एकट्याने उठू शकला नाही. काट्यावर चव्वेचाळीस किलो भरला.

सिस्टर केनेवे घाईची बाई, पण तोंड उघडल्यावर ती सावकाश झाली. "मापुलेंग, इकडे ये. बॅटरी धर."

मापुलेंगने बॅटरी धरली आणि नजर खाली ठेवली. उजेड म्हाताऱ्याच्या कानावरून मागच्या भिंतीवर गेला.

"भिंतीला काय झालंय? जिभेवर धर. आणि बघ."

तिने मान वर केली. सोळा वर्षं ज्या माणसाच्या घरात ती राहत होती, त्याचं तोंड ती पहिल्यांदा बघत होती. गाल आत गेलेले. डोळे तांबूस, तिच्याकडे बघत असलेले आणि मग तेही शरमेने बाजूला वळलेले. सिस्टरने फडक्याने जीभ धरून ओढली. डाव्या कडेला, मागे, अंगठ्याच्या नखाएवढा खड्डा होता. कड वेडीवाकडी आणि आतून पोखरलेली, तळ राखाडी पिवळा. जांभळं औषध सगळीकडे लागलं होतं, नेमकं तिथे पोचलं नव्हतं. पांढरा थर कुठेच नव्हता. सिस्टरने घोंगड्याची पिन काढली. मानेला दोन्ही बाजूंनी गाठी होत्या, बटाट्याच्या वेलाला खाली लागतात तशा.

"किती दिवसांचं आहे?"

सिस्टरने वही मागितली. पान उलटलं, पुन्हा मागे आली. "पाहिलं. पाहिलं. पांढरा थर." तिने वर पाहिलं. "हे तू पाहिलंस?"

"पाहिलं तिने," म्हातारा मध्येच म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. "दर वेळी पाहिलं. तेव्हा नव्हतं. मीच लपवलं नंतर. नांगरट होती."

मापुलेंगला म्हणायचं एवढंच होतं, सिस्टर, मी एकदाही पाहिलं नाही. पण नोकरी डोळ्यांसमोर आली, गाव आलं. त्याने तिच्यासाठी खोटं पुढे केलं आणि तिने ते पाहुण्याच्या हातची भेट घ्यावी तसं घेतलं.

सिस्टरने वही मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं. "असं दोन-चार दिवसांत होत नाही, न्ताते," एवढंच ती म्हणाली.

दुपारी थुंकी तपासणाऱ्या मशीनने सांगितलं, टीबी आहे. छातीतही भरपूर होता. जिल्ह्याच्या दवाखान्याची गाडी आली. सिस्टरने मापुलेंगला बाजूला घेतलं. "महिन्यापूर्वी आला असता तर घरी बसून गोळ्यांवर बरा झाला असता. आता बघू." गाडीत त्याला आडवं केल्यावर त्याने बोटाने सुनेला जवळ बोलावलं.

"पाहिलंस?"

"पाहिलं, न्ताते."

"मला आरशात दिसतच नव्हतं. केवढं आहे?"

"लहान आहे," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही कोण जाणे.

नवव्या दिवशी तो गेला. लेबेको मळ्यावरून आला. शनिवारी सकाळी टेकडीवर माती दिली. आल्या लोकांना जेवण घालायचं म्हणून बान्तोम कापला. गोठ्यात कापण्यालायक तोच होता. लोक हात धुऊन अंगणात बसले, पुरुष भिंतीच्या बाजूला, बायका जमिनीवर पाय लांब करून. मापुलेंग मोठ्या तीनपायी हंड्यापाशी वाढत होती.

"कोणी काही म्हणा," मालिताबा बायकांना सांगत होती, पण पुरुषांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, "सून असावी तर अशी. दुखण्यात केलं, औषधपाणी केलं, दवाखान्यात नेलं, पण शेवटपर्यंत सासऱ्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहिलं नाही. आजकालच्या पोरींना सांगा."

"खरंय," कोणीतरी म्हणालं. "नशीब लागतं." लेबेकोने मान खाली घातली. त्याला बरं वाटलं असावं.

मापुलेंगच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने आतापर्यंत पुष्कळ रडून घेतलं होतं, पण हे स्तुतीचे शब्द अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखे लागले. तेवढ्यात तिचं लक्ष लेउताच्या थाळीकडे गेलं. खाली मान ठेवून दिसतं ते थाळी आणि हातच. तो भरडा मका बोटांनी चिवडून उजव्या गालात ठेवत होता. मांस बाजूला सारलं होतं.

"मांस नको, न्ताते?" तिने विचारलं.

"दात दुखतोय," लेउता म्हणाला. "जाईल आपोआप."

पावसाच्या चारही दिवसांत तो म्हाताऱ्याच्या झोपडीत चुलीपाशी बसला होता, दार लावून, एकाच भांड्यातून बिअर पीत. मापुलेंगने डाव खाली ठेवला, घरात गेली आणि बॅटरी घेऊन आली. पुरुषांच्या बाजूला सून उभी राहिली तशी कुजबुज थांबली.

"त्यांना टीबी होता," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. दुसरं जे होतं ते तिने ओठांतच ठेवलं, ते त्याचं होतं. "जिभेवर दिसत होता. पाच आठवडे होता. मी पाहिलं नाही. वहीत पाहिलं म्हणून लिहिलं आणि पाहिलं नाही. ते सिस्टरशी माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी बोलू दिलं. अंगात ताकद नव्हती तरी तीन फेऱ्या मीच करायला लावल्या. सोमवारी सिस्टर येतेय. जे जे त्या झोपडीत बसले त्या सगळ्यांनी थुंकी द्यायची आहे."

"मापुलेंग," लेबेको दबक्या आवाजात म्हणाला. "आत जा."

ती गेली नाही. ती लेउतासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने मान वर करून त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. मागे कोणा बाईने श्वास ओढलेला ऐकू आला.

"उघडा, न्ताते."

"सूनबाई, मला काही झालेलं नाही. दात आहे."

"त्यांनीही पाइप सांगितला होता. उघडा."

लेउताने बायकोकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मग त्याने थाळी खाली ठेवली आणि तोंड उघडलं. तिने बॅटरी लावली. जीभ वर करायला लावली, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. तंबाखूने काळे पडलेले दात, स्वच्छ लाल जीभ, मागे एक किडलेली दाढ आणि तिच्याभोवती सुजलेली हिरडी. दातच होता. बाकी काही नव्हतं.

तिने बॅटरी विझवली. सगळं मिळून घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. एवढाच वेळ लागतो, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, डोक्याचं फडकं सुटून खांद्यावर आलेलं असताना, ती सासऱ्याचं नाव घेऊन रडू लागली.